टीपीएनचा हिशेब कॅल्क्युलेटरवर नको

महोदय,

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला पुरेसे दूध पचू लागेपर्यंत शिरेतूनच पोषण द्यावे लागते. या शिरेतल्या पोषणाची, म्हणजे टीपीएनची (टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन) पिशवी त्या दिवशीचे वजन आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून रोज नव्याने ठरते. अनेक ठिकाणी हा हिशेब अजूनही कॅल्क्युलेटरवर होतो. मग तोच आकडा केसपेपरवरून फार्मसीच्या वहीत आणि वहीतून लेबलवर उतरवला जातो. घटक दहा-बारा, आणि दशांशचिन्ह प्रत्येक वेळी घसरू शकते.

एक किलोच्या बाळाला 2 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचे एकक) पोटॅशियम लिहिले आहे असे समजा. 15 टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या एका मिलीत तेवढे असते, म्हणून 1 मिली भरले जाते. पण त्याच बाळाला 31 मिलिग्रॅम फॉस्फरसही हवा आहे आणि तो पोटॅशियम फॉस्फेटमधून येतो. त्या इंजेक्शनच्या एका मिलीत फॉस्फरस 93 मिलिग्रॅम, पोटॅशियम 4.4 मिलीइक्विव्हॅलंट. म्हणजे 0.33 मिली फॉस्फेटबरोबर जवळपास दीड मिलीइक्विव्हॅलंट आधीच गेले. क्लोराइड फक्त सुमारे 0.27 मिली लागते. ही वजाबाकी राहिली की बाळाला साडेतीन जाते. रात्रपाळीत ती राहते. संगणकात एकदा नीट बसवली की राहत नाही.

बाळापर्यंत न पोहोचता नळीत अडकणाऱ्या 20-30 मिली द्रवाचेही तसेच. तेवढे नुसते पाणी वाढवले तर सगळी पिशवी पातळ होते. प्रत्येक घटक त्याच प्रमाणात वाढायला हवा.

कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन तयार होणारा साका (न विरघळणारा गाळ) हा सर्वांत घातक प्रकार. 1994 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने यामुळे झालेल्या दोन मृत्यूंनंतर इशारा दिला होता. फॉस्फेट आधी घालून पिशवी नीट हलवायची, कॅल्शियम शेवटाकडे. आणि विद्राव्यता तपासायची ती कॅल्शियम घालतेवेळी पिशवीत असलेल्या द्रवावर, अंतिम आकारमानावर नव्हे. हातच्या हिशेबात हे क्वचितच होते. लिपिड (स्निग्ध पदार्थ) त्याच पिशवीत असेल तर पांढऱ्या रंगात साका दिसतही नाही.

मात्र संगणक आणला की काम झाले, असे नाही. 2006 मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात झिंकची मात्रा मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये टाइप झाली. हजारपट झिंक गेले आणि बाळ दगावले. पिशवी भरणाऱ्या यंत्राने सांगितले तसेच केले होते. त्यात कमाल मर्यादाच भरलेली नव्हती. म्हणून प्रत्येक घटकाला प्रतिकिलो कमाल मर्यादा हवी. ती ओलांडली की प्रणालीने पुढे जाऊच देऊ नये. 'ओके' दाबून पुढे सरकता येणारी सूचना पुरेशी नाही.

महागडे यंत्र नसले तरी सुरुवात एक्सेलवरही होते. सूत्रांचे रकाने कुलूपबंद ठेवा, वजन आणि मात्रा एकदाच भरा, लेबल त्याच फाइलमधून छापा. प्रत्येक बदलानंतर चार-पाच पिशव्यांचा हिशेब हाताने ताडून पाहा. खरेदी विभागाने 10 टक्क्यांऐवजी 6 टक्के अमिनो आम्ल आणले, तर फाइलला ते आपोआप कळत नाही. बाटलीचा बारकोड वाचायची सोय असेल तर उत्तम, नाहीतर ते रोज तपासण्याची जबाबदारी एका ठराविक माणसावर हवी.

तयार पिशवीचे वजन जरूर करावे. 50 टक्के डेक्स्ट्रोजची (साखरेच्या द्रावणाची) घनता सुमारे 1.17 असल्याने त्याच्या जागी पाणी गेले तर काटा ते दाखवतो. पाव मिली पोटॅशियमची चूक मात्र काट्यावर दिसत नाही. ती सिरिंज पिशवीत रिकामी करण्याआधी दुसऱ्या फार्मासिस्टने डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे.

– दोन रुग्णालयीन फार्मासिस्ट, पुणे