दुकानात न पोचलेली कारागिरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडच्या हस्तकलांवरचा लेख वाचला. अरन बेटांवरचे स्वेटर आणि लेस यांचं वर्णन उत्तम आहे. पण ही दोन्ही कामं वाढली ती विक्रीसाठी. १८४५ नंतरच्या दुष्काळात घरात चार पैसे यावेत म्हणून कॉर्क, क्लोन्स भागातल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली गेली. खेड्यातल्या घरांत स्वतःच्या वापरासाठी जे बनायचं, त्याचा लेखात उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.

लव्हाळ्याची वातच घ्या. उन्हाळ्यात लव्हाळे कापून भिजवायचे आणि सोलायचे. सोलताना सालीची एक बारीक पट्टी तेवढी राहू द्यायची, नाहीतर आतला पांढरा गाभा मोडतो. मग वाळवून वितळलेल्या चरबीतून ओढून काढायचे आणि लोखंडी चिमट्यात तिरके धरून पेटवायचे. मेणबत्ती न परवडणाऱ्या घरांत याच उजेडावर रात्रीची कामं उरकत. 'सूगान' म्हणजे पेंढ्याची दोरी. ती वळायला दोघं लागत. एकजण बसून पेंढा पुरवायचा, दुसरा आकड्याने पीळ देत मागे मागे सरकायचा. खुर्चीची बैठक याच दोरीने विणत. आणि लोणी काढायचं चालू असताना कुणी घरात आलं, तर त्यालाही घुसळायला हात लावावाच लागे. नाहीतर लोण्याची बरकत तो सोबत घेऊन गेला, असं मानत.

अशा बारीकसारीक गोष्टी टिकल्या, त्यात शाळकरी मुलांचा मोठा वाटा आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहून आणायला सांगितलं. सुमारे ५० हजार मुलांनी ते केलं! भुताखेताच्या गोष्टींबरोबर लोणी, टोपल्या, मेणबत्त्या कशा करतात तेही त्यांनी लिहिलं. त्यांच्या वह्यांचा हा संग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे आणि 'दूखस' या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. प्रत्यक्ष वस्तू पाहायच्या तर मेयो काउंटीत कॅसलबारजवळ राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाला वाहिलेली शाखा आहे. तिथेही तिकीट नाही. इकडे येणारी आपली मंडळी मोहरचे समुद्राकाठचे उंच कडे बघून परत फिरतात, तिथवर क्वचितच जातात.

पुरवणीत या वह्यांतली दोन-चार पानं मराठीत जरूर छापावीत. अनुवाद करून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपली,
एक वाचक, गॉलवे (आयर्लंड)