४३ नंबरचा फोटो

चि. निनाद,

तू पाठवलेले फोटो काल रात्री मोठ्या स्क्रीनवर निवांत पाहिले. ‘ठीक आलेत’ म्हणालास तेव्हाच तुझ्या आवाजावरून काय ते कळलं होतं. ४३ नंबरचा फोटो पुन्हा उघड. मुलगी प्रमाणपत्र घेतेय, मागे भिंतभर खिडक्या. दोघांच्या मधे धरलेल्या कागदातून उजेड आरपार आलाय, त्यावरच्या ओळीसुद्धा मोजता येतात. तिच्या चेहऱ्यावर मात्र नाक कुठे आहे ते शोधावं लागतं.

कॅमेऱ्याने त्याचं काम केलं. चौकटीत सगळीकडे उजेडच उजेड दिसला, त्याने तो आवरला आणि माणसं काळी पडली. पुढे तू काय केलंस तेही दिसतंय. ५० पासून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवलंस. चेहरे आले, पण खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या आणि तो पांढरेपणा केसांच्या कडा खात आत शिरला. ७१ ला वैतागून फ्लॅश लावलास, तोही थेट, पूर्ण ताकदीने. कपाळं चकाकली, आणि मागच्या काचेत फ्लॅशचा गोळा. मग म्हणतोस, फ्लॅशने फोटो खोटा वाटतो.

फ्लॅशने नाही रे, त्याच्या प्रमाणाने खोटा वाटतो.

अशा खोलीत एका क्लिकमध्ये दोन फोटो निघतात, एक खिडकीचा आणि एक फ्लॅशचा. खिडकीचा उजेड सतत येत असतो, त्यामुळे शटर जितका वेळ उघडं तितका तो साचतो. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो (पूर्ण ताकदीला थोडा रेंगाळतो, कमी ताकदीला त्याहूनही लवकर विझतो). शटर १/१०० सेकंद उघडं असो की १/२००, फ्लॅशच्या वाट्यात फरक पडत नाही. म्हणून खिडकी शटरने कमी-जास्त करायची आणि चेहरे फ्लॅशच्या ताकदीने.

मला वर्षानुवर्षं न कळलेली गोष्ट याच्या पुढची आहे. फ्लॅश कमी पडतोय म्हणून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) वाढवला किंवा अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक) उघडलं, तर खिडकीलाही तेवढीच वाढ मिळते. खिडकी आणि चेहरे यांच्या उजेडातलं अंतर तसंच राहतं. ते कमी करायला हातात तीनच गोष्टी: शटर, फ्लॅशची ताकद आणि फ्लॅश माणसापासून किती लांब आहे ते. आणि शटरला तर सिंक स्पीडचं, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरचं, कुंपण आहे, तुझ्या कॅमेऱ्यात १/२००.

त्या कुंपणाची किंमत मी मोजलेली आहे. रोलचे दिवस, माझ्या कॅमेऱ्याच्या डायलवर ६० (म्हणजे १/६० सेकंद) हा आकडा लाल रंगात होता. फ्लॅश लावलास तर याच्या पुढे जाऊ नकोस, असा त्याचा अर्थ. एका सकाळच्या समारंभात खिडक्या फारच चकाकत होत्या, तेव्हा मी शहाणपणा करून डायल १२५ वर नेला. छत्तीसच्या छत्तीस फोटो तसेच. कापडी शटरचे दोन पडदे आडवे सरकायचे. १२५ ला फ्लॅश उडेपर्यंत दुसरा पडदा निम्म्या वाटेवर आलेला असायचा. तेव्हा स्क्रीन नव्हती, रोल धुऊन आल्यावर कळलं. प्रत्येक फोटोत डावीकडची माणसं लख्ख आणि उजवीकडची काळी. यजमान काही बोलले नाहीत. एकेक फोटो उचलून टेबलावर ओळीने मांडत गेले, जणू पुढच्यात तरी काही निराळं निघेल. पैसे मी परत केले. ती सकाळ परत करता येण्यासारखी नव्हती.

तुझ्या फ्लॅशमध्ये हाय स्पीड सिंक आहे, त्यात हे होणार नाही. पण त्यात फ्लॅश एकदाच न उडता शटर सरकेपर्यंत बारीक बारीक धडधडत राहतो, आणि ताकद बरीच घटते. लख्ख उन्हाशी झुंजायचं असताना नेमकी तीच हवी असते.

आता पुढच्या वेळी असं कर. फ्लॅश बंद ठेवून आधी खिडकी बसव. बाहेर कडक ऊन असेल तर आयएसओ १००, १/२००, अ‍ॅपर्चर एफ ८ पासून सुरुवात. बाहेरचं दृश्य स्टॉपभर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजळ येईल, पण झाडाची पानं पानंच दिसतील. माणसं काळी येतील, येऊ देत. मग फ्लॅश सुरू कर. फ्लॅशच्या खोक्यावर ६० हा गाइड नंबर (त्याला एफच्या आकड्याने भागलं की पोच मीटरमध्ये निघते) छापलाय तो हेड पूर्ण झूम करून झोत अरुंद केल्यावरचा; ३५ मिलिमीटरच्या रुंद झोताला ४० च्या आसपास धर. ४० भागिले ८, म्हणजे थेट मारला तर पूर्ण ताकदीला ५ मीटर. एवढीच पोच. छतावरून बाउन्स केलास तर उजेड वर जातो, पसरतो, अर्धा छतच पिऊन टाकतं. एफ ८ ला चेहऱ्यापर्यंत फारसं काही उरत नाही. ढगाळ दिवशी बाउन्ससारखं सुख नाही. कडक उन्हात त्याचा नाद सोड. (आणि भिंत हिरवी असेल तर कोणत्याच दिवशी नको, सगळे आजारी दिसतात.)

खरा उपाय म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढणं. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप फुकटात. व्यासपीठाच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर स्टँडवर ठेव, रेडिओ ट्रिगर (दुरून फ्लॅश उडवणारा) लाव, स्टँडच्या पायाशी कॅमेऱ्याची बॅग अडकव म्हणजे कोणाच्या धक्क्याने पडणार नाही. तिरका आला की नाकाला नाकाचा आकार येतो आणि काचेतला गोळाही जातो. काच ज्या कोनात उजेड घेते त्याच कोनात परत फेकते, तो तुझ्या भिंगात येऊ द्यायचा नाही, एवढंच. चष्म्यांचंही तेच.

टीटीएलवर (कॅमेराच फ्लॅशची ताकद आपोआप ठरवतो त्यावर) विसंबू नकोस. मागची काच पूर्वचमक (फोटोआधीची मोजणीची चमक) परत फेकते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड पुष्कळ झाला, आणि तो फ्लॅशचा हात आखडतो. तुझा ७४ तसाच काळा पडलाय. व्यासपीठावर माणूस एकाच जागी येऊन उभा राहतो, अंतर बदलत नाही, तिथे मॅन्युअल बरा. मधेच ढग आला तर फक्त शटर १/२०० वरून १/१०० वर आण. फ्लॅशला हात लावू नकोस.

ताकद किती ठेवायची? खिडकीइतके उजळ चेहरे करू नकोस. खिडकीला पाठ करून उभा असलेला माणूस आपल्या डोळ्यांनाही थोडा सावळाच दिसतो. स्टॉप-दीड स्टॉप कमी ठेव. काहींना याहून उजळ आवडतं, मला नाही.

शेवटच्या समूहफोटोत पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ४ वर होती, म्हणून मागच्यांना चौथा हिस्साच मिळाला. मागे सरकून ४ आणि ६ केलं असतंस तर फरक सव्वा स्टॉपवर आला असता. किंवा सरळ सगळ्यांना वळवायचं आणि खिडकीकडे तू पाठ करायची. तुला विचारायची लाज वाटली असणार. विचारावं. लोक वळतात.

४३ ची रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, कच्ची फाइल) पुसू नकोस. सावल्या दोन स्टॉप उचल, दाणे येतील, येऊ देत. त्या मुलीचा व्यासपीठावरचा तो एकच फोटो आहे, ४२ आणि ४४ मध्ये दुसरी माणसं आहेत. मी मोजून पाहिलं.

तुझी,
आई

ता. क. सेल दोन संच ने. तिसऱ्या तासाला तुझा फ्लॅश भरायला वेळ लागत होता, ९० च्या पुढे एकाआड एक फोटो काळा आहे.