ओल्या दरडीवर सिमेंट फवारण्याआधी: केंद्रीय रस्तेमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

स. न. वि. वि.

घाटरस्त्यासाठी कापलेल्या उतारावर जिथे पाणी झिरपतं, तिथे सुरूच्या पिल्लासारखी दिसणारी गुडघाभर उंचीची रोपं उभी असतात. फांद्यांची टोकं खाली वळलेली, टोकाला सेंटिमीटरभर लांबीचे फिकट पिवळे शंकू. हा पाल्हिन्हिया सेर्नुआ, एक क्लबमॉस. लिनियसने १७५३ मध्ये त्याला लायकोपोडियम सेर्नुअम म्हटलं. सेर्नुअम म्हणजे मान झुकलेला. नावात मॉस असलं तरी हे शेवाळ नव्हे, नेचाही नव्हे.

त्याला उघडी, आम्लधर्मी, सतत ओली माती आणि भरपूर ऊन लागतं. सावली पडली की हटतो. बीजुकातून (स्पोअरमधून) आधी काही मिलिमीटरची हिरवी गंतुकधारी, म्हणजे नर-मादी पेशी तयार करणारी, पिढी मातीच्या पृष्ठभागावर वाढते, तीही बुरशीच्या साथीने. फलनासाठी नर पेशी पाण्यातून पोहत जातात, म्हणून मातीवरचा पाण्याचा पातळ थर गेला की पुढची पिढी संपली.

नेमका तोच थर शॉटक्रीटखाली, म्हणजे उतारावर फवारलेल्या सिमेंट काँक्रीटखाली, जातो. निचऱ्याचे पाइप ठेवले तरी पाणी एका तोंडातून पडतं, भोवतीचा पृष्ठभाग कोरडाच. शिवाय सिमेंटमधला चुना मातीची आम्लता मारतो. पावसाळ्याआधी गटार उपसताना जेसीबीचं बकेट उतारावरही फिरवलं, तर जमिनीवर कमानी टाकत टोकाशी मुळं धरणारी खोडं एका झटक्यात निघतात. आणि हिरवाईच्या नावाखाली खत घालून पेरलेलं दाट गवत त्याला झाकून टाकतं. ठेकेदार म्हणेल, रोपं हलवून देतो. मान्य करू नका. मुळं तुटतात, बुरशीची साथ सुटते आणि रोप बहुधा वाळतं.

धोकादायक दरड बांधायलाच हवी, त्यात वाद नाही. पण जिथे भूतांत्रिक अभियंत्याला चालेल, तिथे खिळे ठोकून पोलादी जाळी लावा; माती उघडी राहते. पायथ्याला आधार हवा असेल तर गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या, घाला, त्यातून पाणी वाहतं. गटार उपसा, उतार खरवडू नका. घाणेरी वाढली असेल तर कोयत्याने बुंध्याशी छाटा, तणनाशक नको. थोडी माती उघडी पडणं मात्र क्लबमॉसला मानवतं, म्हणून छाटणी एका वर्षी एका तुकड्यात, पुढच्या वर्षी शेजारच्या.

हे सगळं निविदेच्या तपशिलात यायला हवं. झिरपणाऱ्या उतारांची साखळी-अंतरानुसार (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरानुसार) यादी अंदाजपत्रकाला जोडा. कोणता उतार सोडायचा हे जेसीबीवाल्याला त्याशिवाय कळणार नाही.

कळावे,
अपुष्प वनस्पतींचे अभ्यासक