हिरडीवरचं गोंदण

आदरणीय डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

मी निपाणीची. पदरानं तोंड झाकून तुमच्यासमोर बसलेली ती बाई. बोलते मी, लिहिते नात.

वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली, मिश्रीही लावली. त्यामुळं खालच्या हिरडीवर मसुराएवढा निळसर काळा डाग दिसला, तेव्हा घरात सगळ्यांच्या मनात एकच आजार आला. नाव कुणी घेतलं नाही. एका जाणत्यानं तर लांबूनच बघून "उशीर केलात" म्हणून सांगितलं. त्या रात्री मला भाकरी गिळेना.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते दाढेचं. इथली दाढ कधी काढली, तिच्यात चांदी भरली होती का? भरली होती. त्या चांदीत निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं, हे मला साठीत कळलं! दाढ काढताना त्या चांदीचा चुरा हिरडीत रुतला, तर तिथं असा डाग पडतो. माझ्या हातावरच्या गोंदणाकडं बोट दाखवून तुम्ही कन्नड वळणाच्या मराठीत म्हणालात, "हे बाहेरचं, ते आतलं." तेव्हा मी पहिल्यांदा हसले.

एक्स-रेत कण काही दिसले नाहीत. तेवढ्यावर घरी धाडलं असतंत तर माझा जीव थाऱ्यावर आला नसता. फार बारीक कण एक्स-रेत उमटत नाहीत म्हणून तुम्ही तुकडा काढून तपासायला पाठवलात. रिपोर्ट इंग्रजीत. तो तुम्ही माझ्या भाषेत फोडून सांगितलात: मांसाच्या धाग्यांना काळे कण चिकटलेत, कॅन्सर नाही. पोत्याच्या सुतळीला तंबाखूची भुकटी चिकटते ना, तसंच दिसलं मला ते. तोंडातले काही डाग जन्मजात रंगाचे असतात, काही ओठावर एकटेच उगवतात आणि तसेच राहतात, हेही सांगितलंत. पण नवा डाग पसरला, रंग बदलला, रक्त आलं, किंवा टाळूवर, वरच्या हिरडीवर दिसला, तर लगेच दाखवायचा.

मिश्रीवरून मात्र रागावलात. "हा डाग तिचा नाही, म्हणून तिला माफी नाही." सुनेनं डबा त्याच दिवशी उकिरड्यावर टाकला. मी दोनदा शोधून आले, खोटं कशाला बोलू.

टाका सुकला. पुढच्या खेपेला येते, तेव्हा तुमचा तो हातातला छोटा आरसा द्या. घरच्यात दाढ दिसत नाही.

तुमची,
निपाणीची मावशी