काका, तो अर्धा पॉइंट तुमच्यामुळे आला

धरमपेठच्या काकांना,

नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, पण थँक्यू मात्र सगळ्यांसमोरच म्हणणार. बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या राउंडला मला काळी मोहरी आली, समोरच्याचं रेटिंग माझ्यापेक्षा बरंच जास्त, आणि त्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकल्याबरोबर मी सिसिलियन नायडॉर्फ ही ओपनिंगच धरली, तीही पॉइझन्ड पॉनवाली, म्हणजे आपला वजीर एकटाच जाऊन बी २ घरावरचं प्यादं खातो आणि इकडं पांढऱ्याची फौज आपल्या राजावर तुटून पडते. सगळे म्हणत होते एवढी रिस्क कशाला, तुम्ही एकटेच म्हणालात, खेळ, फक्त पाठ करून खेळू नको.

आणि समजावलंत तरी किती! १९७२ च्या स्पास्की-फिशर वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचचा सातवा गेम पटावर मांडलात, त्यात फिशरनं हेच प्यादं खाल्लं आणि गेम ड्रॉ झाला. मग अकरावा, तिथं स्पास्कीनं चौदाव्या खेळीला घोडा सरळ मागे बी १ वर नेला आणि पुढे फिशरचा वजीर अडकून गेलाच. वजिराला बाहेर काढायची वाट आधी बघायची, प्यादं नंतर, हे त्या गेमनं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

माझ्या गेममध्ये वजीर सुटला, पण समोरच्यानं हत्ती देऊन माझ्या राजापुढची प्यादी उडवली आणि मग त्याच्या वजिराचे शह सुरू झाले, जी ६, एच ६, परत जी ६, माझा राजा जी ८ आणि एच ८ च्या मध्ये येरझाऱ्या घालतोय, माझा टाइम संपत आलेला, आणि तो काही ड्रॉ म्हणेना. तेव्हा तुमचंच आठवलं, तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल तर ड्रॉ मागता येतो, पण खेळी खेळायची नाही, आधी स्कोअरशीटवर, म्हणजे खेळ्या लिहायच्या कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला, म्हणजे पंचांना बोलवायचं. राजा जी ८ लिहिलं, हात वर केला. आर्बिटरनी सगळं तपासून ड्रॉ दिला.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला बटुमीत महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून ओळखीतले सगळे मला फक्त जिंकलीस का एवढंच विचारतात. तुम्ही फोनवर पहिलं विचारलंत, वजीर कुठून काढला? खूप बरं वाटलं हो काका.

रविवारी येते. त्याच्या हत्तीला मी हात लावला नसता तर काय झालं असतं, ते बघायचंय तुमच्यासोबत.