चिऊच्या मायनरबद्दल आई-बाबांना पत्र

नेरूळ, नवी मुंबई

ती. आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर आकडे नीट ऐकू येत नाहीत म्हणून लिहूनच पाठवते आहे. चिऊनं लोकसंख्याशास्त्राचा मायनर (मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय) पुरा करावा की तिसऱ्या वर्षी दुसरं काही घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. पुराच करावा. अर्थशास्त्र मेजर असलेल्या मुलीला याच्यासारखी जोड मिळणं अवघड. शिवाय राज्याच्या नव्या आराखड्यात मायनर साधारण 18 ते 20 क्रेडिटचाच असतो. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30. आता अर्ध्यावर विषय बदलला तर झालेली क्रेडिट नव्या विषयात धरतीलच असं नाही.

कागदपत्रांचं आधी उरकून घ्या. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (मिळालेली क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन) खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव, तिन्ही अक्षर न् अक्षर सारखं हवं. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी क्रेडिट अडकतात. एखादा पेपर 'स्वयम'वरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून करणार असेल तर विभागाची लेखी संमती आधी घ्यावी. तिथे वर्गाची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची वेगळी असते. मुलं पहिली करतात आणि दुसरीची तारीख निघून जाते.

अभ्यासाचं म्हणाल तर या विषयात सगळ्या चुका छेदात होतात. वरचा आकडा मुलं बरोबर शोधतात, खाली काय ठेवायचं तिथे घसरतात. अर्भक मृत्युदराच्या छेदात त्या वर्षीचे जिवंत जन्म येतात, एक वर्षाखालची बाळं नव्हेत. साध्या जन्मदराला वर्षाच्या मध्याची, म्हणजे 1 जुलैची लोकसंख्या लागते. 2023चे जन्म घेऊन त्याला 2011च्या जनगणनेनं भागलं तर दर फुगणारच. मधल्या वर्षांसाठी राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाचे 2011 ते 2036चे अंदाज आहेत, ते वापरावेत. लिंग गुणोत्तर आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असं मांडतात, परदेशी पुस्तकांत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष. दोन्ही एकाच तक्त्यात आले की सगळा तक्ता वाया.

जन्मनोंदणीचे आकडे वापरताना तर डोळ्यांत तेल घालायला हवं. जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आई राहते तिथे नाही. मुरबाड-शहापूरच्या बायका ठाण्यातल्या इस्पितळात येतात, शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे शहराचा जन्मदर खरा आहे त्याहून जास्त दिसू शकतो आणि तालुक्याचा कमी.

प्रकल्पासाठी तिनं ठाणे जिल्हा घेतलाय हे मला फार आवडलं. 2011च्या जनगणनेत देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा हाच होता: 1,10,60,148. पण 1 ऑगस्ट 2014ला पालघर वेगळा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (2015-16) 2011च्या जिल्ह्यांवर बेतलेली आहे, म्हणजे तिच्यातल्या ठाण्यात पालघर आहे. पाचव्या फेरीत (2019-21) दोन्ही जिल्हे वेगळे आहेत. हे दोन 'ठाणे' शेजारी ठेवून 'सुधारणा झाली' असं लिहिलं तर परीक्षक पहिल्याच पानावर थांबवतील. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी भाग निघून गेल्यानंच बरेच आकडे सुधारलेले दिसतील. तुलना करायची तर राज्याची करावी: महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी किती मुलं) चौथ्या फेरीत 1.9 होता, पाचव्यात 1.7 झाला. या सर्वेक्षणाच्या फॅक्टशीटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या गोषवाऱ्यात, कंसातला आकडा 25 ते 49 जणांच्याच उत्तरांवरचा असतो, आणि 25हून कमी असतील तर नुसती चांदणी असते. त्या कंसांवर निष्कर्ष उभारू नये.

2011ला जिल्ह्याचं लिंग गुणोत्तर 886 होतं. त्यावरून थेट गर्भलिंगनिदानावर उडी मारू नये. कामासाठी एकटे आलेले पुरुष त्या आकड्यात आहेत. जन्माआधीच्या भेदभावाची खूण शोधायची तर 0-6 वयोगट वेगळा काढायचा. राज्यात त्या गटाचं गुणोत्तर 2001ला 913 होतं, 2011ला 894 झालं, आणि ती घसरण खरोखर काळजीची आहे.

बाबा, तुमची मदत लागेल ती लाइफ टेबलला, म्हणजे आयुर्मानाच्या तक्त्याला. एक लाख बाळं जन्मली असं धरायचं आणि वयागणिक किती उरतात ते मांडत जायचं. कळीची पायरी म्हणजे मृत्युदरावरून मरण्याची शक्यता काढणं. समजा, 60-64 गटात दर हजारी 20 मृत्यू आहेत. म्हणजे 0.02. वर गटाची रुंदी 5 गुणिले 0.02, म्हणजे 0.1. खाली 1 अधिक 2.5 गुणिले 0.02, म्हणजे 1.05. उत्तर 0.0952. हे अडीच म्हणजे त्या पाच वर्षांत जे गेले ते गटात सरासरी जितकी वर्षं जगले ती पाचातून वजा करून उरलेली वर्षं. हजारानं न भागता 20 तसाच घातला तर उत्तर 1.96 येतं, आणि शक्यता एकाच्या वर जाऊच शकत नाही. 1-4 या गटाची रुंदी 4 आहे, तिथे सवयीनं 5 पडतात. शून्य वयाला अर्धं वर्ष धरणंही चूक, कारण अर्भकांचे बरेच मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात.

तपासणी तुम्ही बँकेत करायचात तशीच करा. उरलेल्यांचा स्तंभ खाली येताना कुठेही वाढता कामा नये. मृत्यूंच्या स्तंभाची बेरीज बरोबर 1,00,000 यायला हवी. शेवटच्या खुल्या ('अमुक वय आणि पुढे') गटात शक्यता 1च. जगलेल्या वर्षांची एकूण बेरीज भागिले एक लाख, म्हणजे जन्मवेळचं आयुर्मान.

आणि आई, 'सरासरी आयुष्य सत्तर, म्हणजे आमचं झालंच आता' असं तू म्हणतेस ना, ते याच तक्त्यात खोटं ठरतं. सत्तर हा आकडा जन्मलेल्या बाळासाठी आहे, त्यात लहानपणी गेलेली मुलंही धरलेली असतात. साठीला पोचलेल्या भारतीयाला सरासरी आणखी सुमारे 18 वर्षं असतात, आणि सत्तरी गाठलेल्यांचा हिशेब पुन्हा तिथून नव्यानं सुरू होतो. चिऊला तुझ्या वयाची ओळ दाखवायला सांग.

कुणी वय विचारलं की तू 'सत्तर धर' म्हणतेस, अशा गोळाबेरीज वयांनाही इथे मोजमाप आहे, व्हिपल निर्देशांक. 23 ते 62 वयाच्या लोकांत ज्यांचं वय 0 किंवा 5नं संपतं ते मोजायचे, पाचनं गुणायचं, त्या वयोगटाच्या एकूण लोकांनी भागायचं, शंभरनं गुणायचं. 100 आला तर वयं नीट सांगितली आहेत, 500 आला तर सगळ्यांनीच 0 किंवा 5नं संपणारं वय सांगितलंय. 175च्या वर गेला की वयाची आकडेवारी अगदी कच्ची समजतात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. प्रगणक आले की जन्मतारखेवरून पूर्ण झालेलं वय सांग.

संदर्भांसाठी चिऊनं देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत एकदा जावं. 1956पासूनची संस्था आहे, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिच्याकडेच असतं आणि पुढे एम.ए. करायचं म्हटलं तर तोही अभ्यासक्रम तिथे आहे. ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडीला उतरायचं. कॉलेजचं पत्र जवळ ठेवावं आणि ग्रंथालयाची वेळ आधी विचारून घ्यावी.

तक्त्याचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवायला सांगा. स्तंभ तपासलेत की चुकीच्या जागी पेन्सिलीनं खूण करा, उत्तर तिलाच काढू द्या.

तुमची,
ताई