बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "ब्राझीलमध्ये एवढे जर्मन कुठून आले? हिटलरचे पळपुटे का?" ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

पळपुटेही आले, नाही असं नाही. ऑशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याच देशात लपून राहिला आणि १९७९ मध्ये समुद्रात बुडून मेला. पण माझ्या शेजारपाजारचे लोक त्याच्या शंभर वर्षं आधीचे. पहिली तुकडी २५ जुलै १८२४ ला इथून खाली साओ लिओपोल्दोला पोचली, जेमतेम ३९ माणसं. तिकडे जर्मनीत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडलेले, इकडे ब्राझीलच्या बादशहाला दक्षिणेत वस्ती हवी होती. आमचं ब्लुमेनाऊ १८५० चं. डॉ. ब्लुमेनाऊ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने १७ जणांनिशी नदीकाठी वसवलं.

आणि हे खास तुमच्यासाठी: दोन कडवट फुलपाखरं एकसारखी दिसतात, पक्षी एक चाखून दोघांना सोडतो, हे तुम्ही वर्गात शिकवायचात ना? ते शोधणारा फ्रिट्झ म्युलर इथलाच! १८५२ मध्ये आला, जंगल तोडून शेती केली आणि त्यातून वेळ काढून डार्विनला पत्रं लिहीत राहिला. त्याच्या घराचं आता संग्रहालय आहे.

माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या आईने जर्मन बायबल परसात पुरून ठेवलं होतं म्हणे. वार्गास नावाच्या हुकूमशहाच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या. १९४२ मध्ये ब्राझील युद्धात उतरल्यावर तर रस्त्यात जर्मन बोललं तरी पोलीस धरायचे. ज्यांचे पणजोबा बिस्मार्कच्याही आधी निघून आले, त्यांना हिटलरचा जाब द्यावा लागला. अर्थात सगळेच बिचारे नव्हते. तीसच्या दशकात नाझी पक्षाच्या शाखा इथेही होत्या. ते मात्र बाई चटकन सांगत नाहीत.

त्याहून कमी बोललं जातं ते इथल्या मूळच्या शोक्लेंग आदिवासींबद्दल. हे खोरं त्यांचं. वसाहती वाढल्या तशा त्यांना हुसकायला, मारायला पैसे देऊन टोळ्या पाठवल्या गेल्या. त्यांना 'बुग्रेइरो' म्हणत. शोक्लेंगांचा जमिनीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कष्टाळू पूर्वजांच्या कौतुकात मान डोलवताना मला हे आठवतं आणि मग पुढचं ऐकू येत नाही.

आई, तुला फोटोत आवडलेली ती लाकडी चौकटींची घरं बरीचशी पर्यटकांसाठी अलीकडे बांधलेली आहेत. खरी जुनी शेजारच्या पोमेरोदेला. बिअरची मोठी जत्राही जुनी नाही. १९८३ आणि ८४ ला लागोपाठ पूर आले, गाव चिखलात गेलं, आणि त्याच ऑक्टोबरात लोकांना उभारी यावी म्हणून ती सुरू केली.

बाईंनी मला 'कूका' शिकवली. केळी घातलेला गोड पाव, वर लोणी-साखरेचा चुरा. अंड्याशिवाय जमते का, करून बघते आणि तुला कळवते. बाबा, डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला, आईला आठवण करायला लावू नका.

तुमची,
मनू